निरोगी वस्तीचा आराखडा : कुठून सुरुवात करायची, खर्च कशावर करायचा

गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत ‘आरोग्य’ म्हटलं की जिम, पोहण्याचा तलाव आणि इमारतींभोवती फिरणारा जॉगिंग ट्रॅक दिसतो. त्यात वाईट काही नाही. पण या सोयी वापरतात कोण? ज्यांना आधीपासून व्यायामाची आवड आहे आणि त्यासाठी वेळही आहे, तेच. बाकीच्यांच्या वाट्याला त्यांचा देखभालखर्च तेवढा येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल हवी. १५० मिनिटं म्हणजे दिवसाला साधारण वीस-बावीस मिनिटं. शाळा, बसथांबा, दुकान, दवाखाना अशा ये-जा करण्यातच ती भरून निघू शकतात, फक्त वाट चालण्याजोगी हवी. निरोगी वस्ती आखायची तर पहिला पैसा आणि पहिला विचार या रोजच्या वाटांवर खर्च व्हावा, असं माझं स्पष्ट मत आहे. जिमचं नंतर बघता येतं.

पुढच्या पायऱ्या नवी वसाहत आखणाऱ्यांना जितक्या लागू आहेत, तितक्याच जुन्या वस्तीत बदल करू पाहणाऱ्या रहिवासी समितीलाही. खरं तर दुसऱ्यांनाच जास्त, कारण बहुतेक माणसं आधीच बांधून झालेल्या वस्त्यांमध्ये राहतात.

पायरी १ : नकाशा बाजूला ठेवा आणि चाला

सोबत आठ-दहा वर्षांचं एखादं मूल घ्या, काठी टेकत चालणारं कुणी वयस्कर माणूस घ्या आणि जमल्यास चाकाची खुर्ची वापरणारी व्यक्ती. घरापासून शाळेपर्यंत, घरापासून बसथांब्यापर्यंत जा. शाळा सुटायच्या वेळी एकदा, भर दुपारी एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा. फूटपाथवरून रस्त्यावर कुठे उतरावं लागलं, कुठे भीती वाटली, कुठे सावली शोधावी लागली, कुठे बसावंसं वाटलं पण जागा नव्हती, एवढ्या चारच गोष्टी नकाशावर खुणेने टिपा. तासाभराच्या या फेरीत जे कळतं, ते महिनाभर कार्यालयात बसूनही कळत नाही.

लोकांनी स्वतः पाडलेल्या वाटांकडे खास लक्ष द्या. गवतातून गेलेली पायवाट, कुंपणाला पडलेलं भगदाड, दुभाजक ओलांडायची ठरलेली जागा. ही बेशिस्त समजून बुजवण्याकडे व्यवस्थापनाचा कल असतो. उलट करा. भगदाड आहे तिथे दार बसवा, पायवाट आहे तिथे फरसबंदी करा. माणसांनी आराखड्यातली चूक दुरुस्त करून दिलेली असते, तीही फुकट.

बायकांशी वेगळं बोला. रात्री कोणती वाट टाळली जाते, कुठे वळसा घेतला जातो, हे सगळ्यांच्या सभेत सहसा निघत नाही.

आणि मोजा. डॅनिश वास्तुरचनाकार यान गेल यांनी अनेक दशकं वापरलेली पद्धत साधी आहे : एका जागी उभं राहायचं आणि ठरावीक वेळात किती माणसं गेली, हे तर मोजायचंच, पण किती थांबली, बसली, बोलत उभी राहिली, तेही मोजायचं. दुसरा आकडा जास्त मोलाचा, कारण नाइलाजाने माणूस वाईट रस्त्यावरूनही जातो, पण थांबतो तो जागा आवडली तरच. हे आकडे जपून ठेवा. शेवटच्या पायरीत लागतील.

पायरी २ : अंतर पावलांनी मोजा

सर्वसाधारण चालीने माणूस पाच मिनिटांत सुमारे ४०० मीटर जातो. दुकान, पाळणाघर, बसथांबा, छोटी बाग अशा रोजच्या गरजा एवढ्या टापूत असल्या तर लोक सहज चालतात. पण इथे एक फसवणूक होते. आराखड्यावर कंपासने ४०० मीटरचं वर्तुळ काढलं जातं आणि त्यात येणारी सगळी घरं ‘जवळची’ धरली जातात. प्रत्यक्षात मधे संरक्षक भिंत असते, नाला असतो, एकच गेट असतं आणि तेही उलट्या बाजूला. दोनशे मीटरवरचं दुकान किलोमीटरभर लांब जातं. म्हणून चालायचं खरं अंतर भागिले सरळ रेषेतलं अंतर, असा हिशेब घरांच्या प्रत्येक गटासाठी करा. उत्तर दीडच्या वर गेलं तर तिथे जोडवाट काढायची, असा ठोकताळा धरायला हरकत नाही. भिंतीला एक छोटं फाटक हा कदाचित संपूर्ण आराखड्यातला सगळ्यात स्वस्त आरोग्य-उपाय ठरेल.

दुकानं जवळ हवीत, तर ती चालायलाही हवीत. त्यासाठी पुरेशी घरं हवीत. ऐसपैस विखुरलेल्या बंगल्यांच्या वसाहतीत कोपऱ्यावरचं दुकान तग धरत नाही. मध्यम उंचीच्या, जरा दाट वस्तीत धरतं. नव्या वसाहतीत आणखी एक अडचण येते : घरं आधी भरतात, दुकानं फार उशिरा येतात आणि तोवर सगळ्यांना गाडीची सवय लागून गेलेली असते. यावर उपाय म्हणजे मुख्य वाटेवरच्या इमारतींचा तळमजला उंच ठेवणं आणि त्याला रस्त्यावरून थेट दार देणं. आज तिथे घर किंवा कार्यालय असेल, उद्या दुकान किंवा दवाखाना होईल.

पार्किंगचा निर्णयही इथेच घ्यावा लागतो. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरातला फाउबान हा भाग जुन्या लष्करी छावणीच्या जागेवर उभा राहिला. तिथे बऱ्याचशा घरांसमोर गाडी लावायची सोयच नाही. गाडी असलेल्याने वस्तीच्या कडेला असलेल्या बहुमजली पार्किंगमध्ये जागा विकत घ्यायची. त्यामुळे आतल्या गल्ल्या मुलांना खेळायला मोकळ्या राहिल्या. एवढं टोक गाठणं सगळीकडे जमणार नाही. पण गाडी दाराशी आणि बसथांबा अर्ध्या किलोमीटरवर असेल, तर लोक काय निवडतील हे सांगायला तज्ज्ञ नको. निदान दोन्ही अंतरं बरोबरीची ठेवा.

पायरी ३ : गाड्यांचा वेग रस्त्याच्या रचनेने कमी करा

वस्तीच्या आरोग्यावर सर्वाधिक परिणाम करणारी एकच गोष्ट निवडायला सांगितली, तर मी वेग निवडेन.

ताशी ५० किलोमीटरने येणाऱ्या गाडीतली गतिज ऊर्जा ताशी ३० च्या गाडीच्या पावणेतीन पटींहून जास्त असते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिवाय चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात पहिली गाडी सुमारे १४ मीटर पुढे गेलेली असते, दुसरी साधारण ८. चेंडूमागे धावत आलेलं मूल वाचतं की नाही, ते या फरकावर ठरतं. रस्ता-सुरक्षेवरच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे पादचारी, सायकली आणि मोटारी एकत्र येतात तिथे कमाल वेग ताशी ३० ठेवण्याचा आग्रह आहे, तो यासाठीच.

पण गाड्यांचा परिणाम अपघातापुरता नाही. नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोमधल्या सारख्याच घडणीच्या तीन रस्त्यांची तुलना केली होती. एकावर दिवसाला सुमारे २,००० वाहनं, दुसऱ्यावर ८,०००, तिसऱ्यावर १६,०००. कमी रहदारीच्या रस्त्यावरच्या रहिवाशांना त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. सर्वाधिक रहदारीच्या रस्त्यावर एकही पुरता नाही, ०.९. ‘माझं घर’ म्हणजे कुठून कुठपर्यंत, असं विचारल्यावर शांत रस्त्यावरची माणसं अख्खी गल्ली दाखवत, गजबजलेल्या रस्त्यावरची घराच्या आत सरकत. (हेच ॲपलयार्ड १९८२ मध्ये अथेन्समध्ये भरधाव गाडीखाली गेले.)

आता करायचं काय? ‘सावकाश चालवा’ ही पाटी लावून उपयोग नाही. चालक पाटी वाचत नाही, रस्ता वाचतो. रुंद, सरळ, मोकळा रस्ता त्याला वेग वाढव म्हणतो. म्हणून :

- वस्तीतल्या रस्त्यावर गाडीची मार्गिका तीन मीटरच्या आसपास ठेवा. उरलेली जागा झाडांना आणि फूटपाथला द्या.
- कोपऱ्याची गोलाई कमी करा. मोठ्या गोलाईवर गाडी वेग न कमी करता वळते. काटकोनाच्या जवळ जाणाऱ्या कोपऱ्यावर तिला थबकावंच लागतं आणि पादचाऱ्याचं ओलांडायचं अंतरही घटतं. कचऱ्याची गाडी आणि अग्निशमनाचा बंब वळतो की नाही, ते मात्र प्रत्यक्ष वळवून तपासा.
- झेब्रा क्रॉसिंग फूटपाथच्या पातळीला उचलून घ्या. एरवी माणूस रस्त्यावर उतरतो. इथे गाडी माणसाच्या पातळीवर चढते. गतिरोधकाचं कामही त्यातच होतं.
- वस्तीतून आरपार जाणारी रहदारी तोडा. गाडीने आत येता यावं, पण पलीकडे निघून जाता येऊ नये. सायकल आणि पादचारी मात्र आरपार जावेत.

शेवटच्या मुद्द्याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे बार्सिलोनाचे ‘सुपरब्लॉक’ : तीन गुणिले तीन, म्हणजे रस्त्यांनी वेढलेल्या नऊ चौकटींचा सुमारे ४०० मीटर बाजूचा गट, आरपार रहदारी बाहेरच्या कडेने, आतले रस्ते आधी माणसांचे. २०१६ मध्ये पोब्लेनोउ भागात हा प्रयोग झाला तेव्हा विरोधही जोरदार झाला. त्याबद्दल आठव्या पायरीत.

पायरी ४ : फूटपाथ, ओलांडणं आणि बसणं

इथे आराखडा भव्य असून चालत नाही, सेंटिमीटरमध्ये अचूक लागतो.

चाकाच्या दोन खुर्च्या समोरासमोरून जायच्या तर १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. ‘मोकळी’ शब्दाला अधोरेखित करा. कागदावर अडीच मीटरचा असलेला फूटपाथ विजेची पेटी, खांब, झाडाचं आळं आणि लावलेल्या दुचाकी वजा केल्या की हातभर उरतो. म्हणून रस्त्याच्या कडेला खांब-झाडांसाठी वेगळा पट्टा आखा आणि चालायचा पट्टा त्यापासून मुक्त ठेवा. गाड्यांची आत-बाहेर करायची वाट फूटपाथला छेदते तिथे फूटपाथची पातळी बदलू नका. चढ-उतार गाडीने करावा.

उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, १:२० असेल तर उत्तम. १५ सेंटिमीटर उंचीच्या फूटपाथला १:१२ ने १.८ मीटर लांब रॅम्प लागतो, १:२० ने ३ मीटर. एवढी जागा नसेल तर फूटपाथचीच उंची कमी करा. हातभर लांबीचे, भिंतीसारखे चढाचे जे ‘रॅम्प’ नियमाच्या पूर्ततेसाठी बांधले जातात, ते कुणाच्याच कामाचे नसतात.

सिग्नलची वेळ तपासा. ती अनेकदा सेकंदाला १.२ मीटर चालीच्या हिशेबाने ठरवलेली असते. १२ मीटरचा रस्ता त्या चालीने १० सेकंदांत ओलांडता येतो, सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या वृद्धेला १५ लागतात. मधल्या पाच सेकंदांत ती गाड्यांसमोर उभी असते. तसं एकदा झालं की ती पुन्हा त्या वाटेला जात नाही, मग हळूहळू बाहेर पडणंच सोडते. सिग्नलचा वेळ वाढवा, किंवा मधे थांबायला सुरक्षित बेट करा.

बाकडी. यांच्याइतकी दुर्लक्षित आरोग्यसेवा दुसरी नसेल. ज्याला शंभर पावलांनंतर टेकावं लागतं, त्याच्यासाठी बाकडं नसलेली वाट म्हणजे बंद वाट. मुख्य वाटांवर दर ५० मीटरला एक धरा. बैठकीची उंची ४५ सेंटिमीटरच्या आसपास, पाठ टेकायला आधार आणि उठताना रेटा द्यायला खुर्चीसारखे हात हवेतच. सुबक दिसणारा काँक्रीटचा ठोकळा गुडघे दुखणाऱ्या माणसाला निरुपयोगी आहे. बाकडं सावलीत आणि काहीतरी घडत असेल अशा दिशेला तोंड करून ठेवा; भिंतीकडे तोंड केलेल्या बाकड्यावर कोण बसणार?

पिण्याचं पाणी आणि स्वच्छ शौचालय नसेल तर वृद्ध, लहान मुलांच्या आया आणि मधुमेही घराच्या आसपासच घुटमळतात. आराखड्यात हे दोन्ही सहसा शेवटच्या क्षणी कोपऱ्यात ढकलले जातात. मुख्य वाटेवर, वर्दळीच्या ठिकाणी घ्या.

पायरी ५ : झाडं वाटेवर लावा

हिरवाई एका मोठ्या बागेत गोळा करायची की वस्तीभर पसरायची, हा प्रश्न नेहमी येतो. जागा थोडी असेल तर मी आधी पसरवेन. नेदरलँड्सचे नागरी वनतज्ज्ञ सेसिल कोनैनेंदाइक यांनी २०२१ मध्ये मांडलेलं ३-३०-३०० सूत्र हाताशी ठेवण्याजोगं आहे : प्रत्येक घरातून किमान ३ मोठी झाडं दिसावीत, वस्तीचा ३० टक्के भाग झाडांच्या छत्राखाली असावा आणि ३०० मीटरच्या आत बाग असावी.

झाड नुसतं ‘दिसण्या’चाही उपयोग असतो. संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली.

लावताना संख्येच्या मोहात पडू नका. वृक्षारोपणाच्या समारंभात हजार रोपं लागतात. सावली मात्र जगलेली, वाढलेली झाडंच देतात. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलेलं झाड खुरटतं, मुळं फरशा उचकटतात आणि मग दोष झाडावर येतो. मुळांना मोकळी माती, पहिली दोन-तीन वर्षं पाण्याची लेखी जबाबदारी आणि त्या हवामानात टिकणाऱ्या मिश्र जाती, एवढं सांभाळा. एकाच जातीची रांग छान दिसते, पण एका रोगात सगळी जाते. वाटेवरच्या झाडांच्या खालच्या फांद्या माणसाच्या उंचीच्या वर ठेवा, म्हणजे रात्री नजर आरपार जाते.

पायरी ६ : भेटीगाठींना निमित्त द्या

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातल्या दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा ग्रासतो, आणि त्याचा संबंध हृदयविकार, पक्षाघात व अकाली मृत्यूशी आहे. वस्ती मैत्री घडवू शकत नाही. नेहमीच्या तोंडओळखीला मात्र वाव देऊ शकते.

त्यासाठी सभागृह बांधणं हा सर्वांना सुचणारा उपाय आहे, आणि वर्षातले बहुतेक दिवस ते कुलूपबंद असतं. त्यापेक्षा माणसं जिथे असंही थांबतात, तिथे जागा करा : टपालपेट्यांपाशी, शाळेच्या फाटकाबाहेर, बसथांब्यापाशी, इमारतीच्या प्रवेशाला लागून. खेळाची जागा आणि वृद्धांच्या बसण्याची जागा शेजारी ठेवा. आजी-आजोबांना बघायला काहीतरी मिळतं आणि मुलांवर नजर राहते. किशोरवयीन मुलींसाठी काय आहे, हे वेगळं विचारा. ‘सर्वांसाठी खेळाचं मैदान’ प्रत्यक्षात बऱ्याचदा मुलग्यांचंच होतं.

सामायिक परसबाग करणार असाल तर माती तपासून घ्या, विशेषतः जमीन पूर्वी कारखान्याची, गॅरेजची किंवा भरावाची असेल तर. शिशासारखे जड धातू डोळ्यांना दिसत नाहीत.

पायरी ७ : हवा, आवाज, पाणी

मोठ्या रस्त्याच्या पहिल्या दीड-दोनशे मीटरांत वाहनांच्या धुराचं प्रमाण सर्वाधिक असतं. शाळा, पाळणाघर, वृद्धाश्रम तिथे नको; गोदामं आणि पार्किंग चालेल. झोपायच्या खोल्या शांत बाजूला वळवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपसाठीच्या २०१८ च्या मार्गदर्शनात रस्त्याच्या आवाजाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल सांगितली आहे, आणि गजबजलेल्या रस्त्याकडेला ती पाळली जाणं अवघड. पथदिवे खाली प्रकाश टाकणारे आणि पिवळसर छटेचे घ्या, खिडक्यांत घुसणारे नकोत.

पावसाच्या पाण्याचा निचरा तपासायचा तर पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी फिरा. डेंगीचा डास अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवस घेतो, म्हणून आठवड्याच्या आत न आटणारं प्रत्येक डबकं, गच्चीवरची खळगी आणि उघडी टाकी यादीत घ्या.

इमारतीत जिना लिफ्टच्या आधी दिसेल असा, उजेडाचा आणि हवेशीर ठेवा. मागे, अग्निरोधक दाराआड, अंधारात असलेल्या जिन्याने कुणी चढत नाही.

पायरी ८ : आधी तात्पुरतं करून बघा

काँक्रीट ओतण्यापूर्वी रंग, कुंड्या आणि हलवता येणारी बाकडी वापरून काही महिने प्रयोग करा. कोलंबियातलं बोगोता १९७० च्या दशकापासून रविवारी आणि सुट्ट्यांच्या दिवशी मोठे रस्ते गाड्यांना काही तास बंद ठेवतं. आज ते जाळं शंभर किलोमीटरच्या वर गेलं आहे. त्याला नवा रस्ता बांधावा लागला नाही, अडथळे आणि माणसं लागली.

विरोध गृहीत धरा. दुकानदार म्हणतील गिऱ्हाईक तुटेल, गाडीवाले म्हणतील वळसा पडतो. पोब्लेनोउमध्ये अगदी असंच झालं, आणि तक्रारीला आधारही होता : लोकांशी पुरेसं बोलण्याआधीच रस्ते बदलले गेले होते. नंतर झाडं, बाकडी, खेळाच्या जागा आल्या आणि तो भाग टिकला. प्रयोगाची मुदत, काय मोजणार आणि कोणत्या आकड्यावर प्रयोग मागे घेणार, हे आधीच जाहीर करा. मागे घेण्याची तयारी दिसली की लोक ऐकून घेतात.

पायरी ९ : देखभाल, भाडं आणि फेरमोजणी

अंदाजपत्रकात बांधकामाच्या रकान्याशेजारी देखभालीचा रकाना नसेल, तर तो आराखडा अपुरा आहे. प्रत्येक बाकडं, दिवा, झाड, शौचालय यापुढे जबाबदार पदाचं नाव आणि दुरुस्तीची मुदत लिहा. दोन महत्त्वाच्या गोष्टींना पुरेल एवढाच देखभालनिधी असेल, तर दिवे आणि शौचालय निवडा.

वस्ती सुधारली की भाडी वाढतात, आणि ज्यांच्यासाठी सुधारणा केली तेच भाडेकरू बाहेर फेकले जातात. हे नंतर निस्तरता येत नाही. परवडणाऱ्या घरांचा वाटा आणि भाडेकरारांची मुदत पहिल्या दिवशीच्या करारात घाला.

वर्षभराने त्याच जागी, त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा मोजा : किती चालले, किती थांबले, त्यात मुलं किती, काठीवाले किती, रात्री एकट्या बायका किती. गाड्यांचा वेगही मोजा. एकूण वर्दळ वाढली पण काठीवाले तेवढेच राहिले, तर चौथ्या पायरीवर परत जा आणि त्यांच्यापैकी एकाला सोबत घेऊन ती वाट पुन्हा चाला.